कपाट तिसरं, खण पाचवा

१ सप्टेंबर, सोमवार

नऊ वर्षांनी गळ्यात ओळखपत्र अडकवलं. त्यावरच्या फोटोत मी काहीतरी उचलताना पकडली गेल्यासारखी दिसते, पण असो, ओळखपत्र आहे.

कार्यालय मोजणी खात्याचं. तळमजल्यावर खिडक्या, अर्ज आणि रांगा. वर साहेबांची केबिन, केबिनच्या बाहेर माझं टेबल आणि पॅसेजच्या टोकाला नकाशांची खोली. तिथे भिंतीला लागून दहा राखाडी कपाटं, प्रत्येकाला आठ रुंद, उथळ खण, आणि त्यांत साठ-सत्तर वर्षांचे कागदी नकाशे. नदी, पूल, रस्ते, विहिरी, शाळांच्या जागा, जे म्हणाल ते.

साहेब सरळ मुद्द्यावर आले. मुख्यालयाला प्रत्येक कार्यालयाकडून कॅटलॉग हवाय. नकाशे नव्हेत, नकाशांची माहिती: हा कशाचा, कोणत्या सालचा, जमिनीचा कुठला तुकडा दाखवतो, कोणत्या कपाटात ठेवलाय. मुख्यालयाचं यंत्र आपल्या यंत्राला विचारणार आणि आपल्या यंत्राने ठरलेल्या पद्धतीने उत्तर द्यायचं. "वेगळा सर्व्हर नको, वेगळा पत्ता नको," साहेब म्हणाले. "आपलं पायथनमधलं ॲप आहे ना, लोक नकाशासाठी अर्ज करतात ते, त्याच्याच पोटात बसवा."

मुदत तीन महिने. २४ नोव्हेंबरला मुख्यालयाचे मोठे साहेब स्वतः बघायला येणार. जमलं तर मी कायम. नाही जमलं तर "आपण तुमचे आभार मानू," असं साहेब फार सभ्यपणे म्हणाले. मला आभार नकोत, मला ते टेबल हवंय. नऊ वर्षं घरात सगळ्यांच्या वस्तू शोधून देण्यात गेली, आता पगार घेऊन शोधून देईन.

घरी सासूबाईंनी विचारलं, "करायचंय काय तुला तिथे?" मी म्हटलं, "नकाशांची यादी." त्या म्हणाल्या, "एवढ्याला इंजिनिअर लागते होय?"

२ सप्टेंबर, मंगळवार

आज नकाशांच्या खोलीचे मालक भेटले. मालक म्हणजे तिथले रखवालदार-कम-कारकून, पण रुबाब मालकाचा. सगळं कार्यालय त्यांना कपाटकाका म्हणतं, तोंडावरसुद्धा. चौतीस वर्षं याच खोलीत काढलीत, दीड वर्षाने निवृत्त होणार.

मी दारात उभी राहून गोड हसले. पाच सेकंद, दहा सेकंद. ते माझ्याकडेच तोंड करून बसले होते आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. शेवटी मी "नमस्कार काका" म्हटलं तेव्हा दचकून म्हणाले, "कोण?" मी नाव सांगितलं, काम सांगितलं. ते म्हणाले, "हं. बसा, पण खुर्ची हलवू नका."

हलवायची नाही तर बसायचं कसं, हे विचारायची हिंमत झाली नाही. अंग चोरून बसले.

९ सप्टेंबर, मंगळवार

तयार कॅटलॉग सर्व्हर मिळाला. फुकटचा, पायथनमध्येच लिहिलेला, बरेच लोक वापरतात. एकटाही चालतो आणि दुसऱ्या ॲपच्या आत भाडेकरूसारखाही राहतो. त्याच्या हातात सेटिंग्ज द्यायची आणि बाहेरून आलेला प्रश्न द्यायचा, तो उत्तर तयार करून परत देतो. ते उत्तर आपण दारातून बाहेर सोडायचं. चार ओळींचं काम. त्या चार ओळींना मला चार दिवस लागले.

कारण काय, तर मी मुख्यालयाच्या यंत्राचं सोंग घेऊन बाहेरून विचारलं, "तुमच्याकडे काय काय आहे?" उत्तर आलं, "आपलं नाव आणि पासवर्ड टाका." आमचं ॲप दारात येईल त्याला अडवतं, मग तो माणूस असो की यंत्र. भाडेकरूसाठी वेगळी वाट काढून दिली. मग मोठे प्रश्न पाठवून पाहिले तर ॲप म्हणालं, या अर्जाला माझी गुप्त खूण नाही, घेणार नाही. त्या वाटेपुरती तीही अट काढली. दुपारी पहिलं उत्तर आलं: एकूण नोंदी शून्य. इतकं सुंदर शून्य मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "शून्य आहे." मी म्हटलं, "हो, पण बरोबर आहे."

१६ सप्टेंबर, मंगळवार

आता नोंदी भरायच्या. नकाशे सहाशे चाळीस. माझा बेत असा की काकांनी एकेक खण उघडायचा, नकाशा बाहेर काढायचा, मी वाचून टाइप करायचं. काकांचा बेत असा की काकांनी खुर्चीत बसायचं.

"लिहा," म्हणाले. "पहिलं कपाट, पहिला खण. वरून पहिला नकाशा, बाजाराची जागा, एकास पाचशे, मोजणी झाली तेव्हा मी इथे नव्हतो, पण कागदावर साल आहे ते असं असं. खालच्या डाव्या कोपऱ्यात शाईचा डाग. नकाशात विहीर दाखवलीय, ती आता बुजवलीय, तेही लिहा."

मी म्हटलं, "काका, एकदा उघडून बघू या का?" ते म्हणाले, "तुम्ही बघा. आणि मोठ्याने वाचा." मी उघडलं. बाजाराची जागा, एकास पाचशे, साल तेच, डाग तिथेच. वाचून दाखवलं. त्यांनी छताकडे बघत मान हलवली, जणू मी पाढे म्हणत होते आणि चुकले नाही एवढंच.

आळशीपणाला इतकी पाठांतराची जोड मी पहिल्यांदा बघतेय.

२४ सप्टेंबर, बुधवार

एकशे सत्तर नोंदी झाल्या. रोज हेच: ते बोलतात, मी टाइप करते, मग पडताळणीला एखादा खण उघडून मी वाचते. "मोठ्याने," हे त्यांचं आवडतं पालुपद. माझा घसा बसलाय.

कपाटांवर आकडे नाहीत. कधीकाळी होते, पुसून गेलेत. मी म्हटलं चिकटवू या नवे, तर म्हणाले, "कशाला? दारापासून मोजायचं. दहापर्यंत येतं ना?" खरंच कोणालाही आकड्यांची गरज पडत नाही, कारण नकाशे काढून फक्त काकाच देतात. कोणी नकाशा मागितला की उठतात, कडेकडेने हात लावत जातात, खण ओढतात, कागदाच्या कडेवरून अंगठा फिरवतात आणि नेमका तोच काढून आणतात. मोजून पंचवीस सेकंद. माझा कॅटलॉग सध्या एकतीस सेकंद घेतो. हे मी साहेबांना सांगणार नाही.

एक मात्र आहे, यांचा संसार छान दिसतो. काकू रोज सकाळी यांना जिन्यापर्यंत हात धरून सोडायला येतात आणि संध्याकाळी न्यायला. या वयात. आमच्या घरी नवरा मला गेटपर्यंतही सोडत नाही, हे मी आज जेवताना ऐकवलं. तो म्हणाला, "गेट दिसतंय की तुला इथून."

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आज बोलणी खाल्ली. चूक माझी इतकीच की चहाला उठताना खुर्ची मधल्या वाटेत राहिली. काका आत आले आणि सरळ तिच्यावर. गुडघा फुटला, हातातला चहा सांडला, आणि मग जो काही तोंडाचा पट्टा सुटला त्यांचा. "सांगितलं होतं, खुर्ची हलवायची नाही. एक गोष्ट ठेवता येत नाही जागेवर?" आवाज खालपर्यंत गेला असणार.

मी पण माणूस आहे. म्हटलं, "काका, एवढी मोठी खुर्ची, लाल रंगाची, बघून चालायचं ना थोडं." ते गुडघा चोळत बसून राहिले, आणि मग अगदी हळू म्हणाले, "हो. माझंच चुकलं." मला आणखीच राग आला. भांडायचं तर नीट भांडावं माणसाने.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आज माझी अशी फजिती झाली की लिहावं की नाही कळत नाही. लिहिते.

प्रत्येक नोंदीबरोबर त्या नकाशाची चौकट लागते: कोणत्या अक्षांशापासून कोणत्या अक्षांशापर्यंत, कोणत्या रेखांशापासून कोणत्यापर्यंत. आज सगळ्या चौकटी पहिल्यांदाच एकत्र स्क्रीनवर काढल्या. अख्खं गाव समुद्रात. बाजार, शाळा, पूल, दवाखाना, किनाऱ्यापासून शेकडो मैल आत, लाटांवर. मी आधी अक्षांश लिहीत होते, सर्व्हरला आधी रेखांश हवा होता. नकाशांचं काम करणारे सगळे ही चूक एकदा करतातच म्हणे. मी तीनशे चाळीस वेळा केली.

डोकं धरून बसले होते तेवढ्यात काका आले. मी म्हटलं, "काका, बघा काय झालंय." स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. ते पुढे वाकले, बराच वेळ बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले, "छान आहे. चांगलं झालंय."

इतका खवचट माणूस नसेल दुसरा. अख्खी संध्याकाळ अदलाबदल करण्यात गेली आणि त्यांचं ते "छान" कानात वाजत राहिलं. घरी सांगितलं तर लेक हसून हसून लोळली. तिला शाळा समुद्रात गेल्याचा आनंद जास्त.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मुख्यालयातल्या एका मुलीशी फोनवर बोलून पहिली चाचणी घेतली. तिचं यंत्र आमच्याकडे आलं, विचारलं, "नोंदी कुठे मिळतील?" आमच्या सर्व्हरने ऐटीत पत्ता दिला. तो पत्ता होता 'इथेच, याच यंत्रावर'. माझ्या टेबलावर काम करताना टाकलेला, बदलायचा राहिलेला. त्यामुळे तिचं यंत्र 'इथेच' म्हणजे स्वतःकडेच गेलं, तिथे काही नव्हतं, आणि हात चोळत बसलं. "मॅडम, आमच्याकडे आमचाच कॅटलॉग मागतंय," ती म्हणाली. एक ओळ बदलली. नोंदी धो धो गेल्या. आम्ही दोघी फोनवर उगीचच बराच वेळ हसत होतो.

अठरा दिवस राहिलेत आणि शंभर नोंदी. जमेल असं वाटायला लागलंय.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सहाशे चाळीस. संपलं.

शेवटच्या यादीवर नकाशाखोलीचे जबाबदार म्हणून काकांची सही हवी होती. मी छापून नेली. म्हणाले, "कुठे करायची, बोट ठेवा." ठेवलं. त्यांनी माझ्या नखावरच सुरुवात केली. मी ओरडले, ते हसले. पहिल्यांदा हसले. मग विचारलं, "ताई, मी जे जे सांगितलं ते सगळं आहे ना यात? डाग, बुजलेल्या विहिरी, सगळं?" म्हटलं, सगळं आहे. "म्हणजे उद्या मी नसलो तरी कोणीही विचारेल आणि याला सांगता येईल?" म्हटलं, "हो काका, पण तुम्ही कुठे चाललात, दीड वर्ष आहे की अजून."

ते म्हणाले, "तेच म्हणतोय मी. दीड वर्ष काढायचंय."

माणसं नोकरीला इतकी कंटाळलेली असतात हे बघून जरा गंमत वाटली. मी इथे येण्यासाठी जिवाचं रान करतेय आणि यांना कधी एकदा संपतंय असं झालंय.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

साहेबांना ऐनवेळी सुचलं की नकाशाखोलीच्या भिंती कळकट दिसतात. मोठे साहेब काय म्हणतील? उद्या-परवा सुट्टीत रंग मारून घ्यायचा. सोमवारी सकाळपर्यंत सगळं जागच्या जागी, असं रंगाऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितलंय.

काका लवकर घरी गेले होते. त्यांना कळलं तर खुर्चीवरून झालं तसं महाभारत होईल, म्हणून कोणी फोन केला नाही. मीही नाही. सोमवारी नवी भिंत बघून खूश होतील म्हटलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सगळं क्रमाने लिहिते.

मोठे साहेब साडेदहाला आले. उंच, शांत, पायांत साधे बूट. अकरा वाजता मुख्यालयाच्या यंत्राने विचारलं आणि आमच्या ॲपच्या पोटातल्या भाडेकरूने सहाशे चाळीस नोंदी एकामागून एक काढून दिल्या, एकही अडली नाही. साहेबांनी टाळी वाजवली. मी उगीच माझ्या ओळखपत्राशी खेळत होते. झालं, टेबल माझं, असं मनाशी म्हटलंसुद्धा.

मग मोठे साहेब म्हणाले, "एखादा मागवूनच बघू." त्यांनी स्वतः 'पूल' असं टाइप केलं. उत्तर आलं: जुन्या पुलाखालचा नदीतळ, कपाट तीन, खण पाच. आम्ही सगळे नकाशाखोलीत गेलो. रंगाचा वास अजून होता. काका दारात उभे, नाक वर करून. साहेबांनी नकाशाचं नाव सांगितलं. "आणतो," म्हणाले आणि हाताने मोजत गेले, एक, दोन, तीन. खण ओढला, वरचा नकाशा काढला, टेबलावर पसरला आणि तळव्याने घडी सपाट केली.

"हा बघा साहेब," काका म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात चौतीस वर्षांचा रुबाब होता. "इथे नदी वळते. वळणाजवळ पाण्याखाली मोठा खडक आहे, पुलाचा तिसरा खांब त्याच्यावरच उभा आहे. म्हणून तो पूल हलत नाही."

समोर शाळेच्या मैदानाचा नकाशा होता. काकांचं बोट घसरगुंडीवर होतं.

काका बोट तसंच ठेवून वाट बघत होते, चेहरा मोठ्या साहेबांकडे, म्हणजे ते जिथे उभे असतील असं त्यांना वाटत होतं तिकडे. मोठे साहेब तिथे नव्हते, ते दोन पावलं डावीकडे होते.

आणि तेव्हा, तीन महिन्यांनी, माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. खुर्ची. "मोठ्याने वाचा." समुद्रातलं गाव बघून "छान आहे." नखावर सही. काकू जिन्यापर्यंत. मी रोज त्यांच्यासमोर बसत होते आणि रोज रात्री घरी जाऊन त्यांना आळशी, खवचट, खडूस म्हणत होते. मला माझीच इतकी लाज वाटली की काय सांगू.

"मॅडम, हे काय आहे?" आमचे साहेब माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा पडला होता.

"नोंद माझी चुकली, साहेब," मी म्हटलं. म्हणताना पक्कं माहीत होतं की टेबल गेलं. पण दुसरं काय म्हणणार? खरं सांगितलं असतं तर त्यांचं दीड वर्ष तिथल्या तिथे संपलं असतं, आणि तेही माझ्या तोंडून.

"काय चुकलं?" काकांनी विचारलं. "ताई, माझ्या समोर कोणता नकाशा आहे?"

मी म्हटलं, "शाळेचं मैदान, काका."

त्यांनी बोट हळूच उचलून घेतलं. मग म्हणाले, "शाळेचं मैदान सातव्या कपाटात असतं, पाचव्या खणात. म्हणजे सातवं कपाट तिसऱ्याच्या जागी आलंय. रंगाचा वास येतोय तेव्हाच मला विचारायला हवं होतं. साहेब, हिची नोंद बरोबर आहे. हिने काही चूक केलेली नाही." मग त्यांनी टेबलाची कड धरली. "मला दिसत नाही. दोन वर्षं झाली. उजव्या डोळ्याला उजेड कळतो, माणसं सावलीसारखी दिसतात. डाव्याला तेही नाही."

मोठे साहेब दारापासून मोजत सातव्या कपाटापाशी गेले. पाचवा खण ओढला. नदीतळ. टेबलावर आणून पसरला तर वळणाजवळ खडक, आणि खडकावर तिसरा खांब.

मी तोवर लॅपटॉप उघडला होता. मोठ्या साहेबांनी विचारलं, "काय करताय?" म्हटलं, "तिसऱ्या आणि सातव्या कपाटाच्या नोंदींची अदलाबदल करते. एका आज्ञेत होईल." ते म्हणाले, "नोंदी बरोबर आहेत असं आत्ताच ऐकलं ना? मग कपाटं हलवा."

आणि हलवली. आधी सोळा खण रिकामे करून बाहेर काढले, मग साहेबांनी एक बाजू, मोठ्या साहेबांनी दुसरी, मी मधून ढकलत. इस्त्रीच्या शर्टांना ओला रंग लागला. काका खुर्चीत बसून सांगत होते, "अजून चार बोटं भिंतीकडे."

जाताना मोठे साहेब एवढंच म्हणाले, "कळवतो." कोणाबद्दल ते नाही सांगितलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

चार दिवस नीट झोप नाही. आज दोन पत्रं आली.

माझ्या पत्रात लिहिलंय की कॅटलॉग स्वीकारला, नेमणूक कायम. खाली मोठ्या साहेबांनी पेनने एक ओळ घातलीय: 'न झालेली चूक कबूल करू नये. नोंदी ठेवणाऱ्याने तर मुळीच नाही.' मी ते पत्र तीन वेळा वाचलं, मग बाथरूममध्ये जाऊन रडले, मग बाहेर येऊन सगळ्यांना चहा सांगितला.

काकांच्या पत्रात एक महिन्याची मुदत आहे. डोळ्यांच्या डॉक्टरचं प्रमाणपत्र आणा, काम करण्याइतकं दिसतं असं. नाहीतर घरी. पत्र मीच वाचून दाखवलं, मोठ्याने. माझी चांगली बातमी त्यानंतर सांगायला तोंड उघडेना, तर त्यांनीच विचारलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात आधी कानावर आला, मग डोक्यावर.

"दोन वर्षांत डॉक्टरकडे का नाही गेलात?" मी विचारलं.

"गेलो असतो तर कागद झाला असता," काका म्हणाले. "कागद झाला की तो कुठेतरी ठेवला जातो, आणि ठेवलेला कागद कधीतरी सापडतो. हे मला नाही कळणार तर कोणाला?"

काकूंना सगळं माहीत होतं. त्या म्हणाल्या, "मी रोज म्हणायची, चला. हे म्हणायचे, निवृत्त झाल्यावर." सांगताना त्यांचा आवाज भरून आला आणि रागही आला होता, दोन्ही एकदम.

घरी हे सगळं सांगितलं. सासूबाईंनी ताट बाजूला सारलं. "म्हणजे तपासलंच नाही कोणी? न तपासता दोन वर्षं आंधळा म्हणून बसला बाप्या? उद्या घेऊन ये त्याला माझ्या डॉक्टरकडे. माझेही डोळे असेच गेले होते."

२ डिसेंबर, मंगळवार

सासूबाईंनी डॉक्टरच्या दवाखान्यात रांग मोडून सगळ्यांना आत घुसवलं. मी मान खाली घालून मागे.

डावा डोळा गेलाय, दाब वाढून. वेळेत आले असते तर वाचला असता, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले. काकूंनी पदर तोंडाला लावला. उजव्यात मात्र मोतीबिंदू, पिकून घट्ट झालेला. "काढता येईल," डॉक्टर म्हणाले. "पण मागचा पडदा कितपत शाबूत आहे ते काढल्यावरच कळेल. दिसेलच असं आत्ता सांगता येत नाही."

काकांनी विचारलं, "किती वेळ लागतो?" "वीस-पंचवीस मिनिटं." काका म्हणाले, "फक्त?"

मला तिथे थांबवेना. पॅसेजमध्ये येऊन उभी राहिले. पंचवीस मिनिटांच्या कामाला हा माणूस दोन वर्षं भिंती चाचपत फिरला, आणि त्यातले तीन महिने मी समोर बसून टाइप करत होते.

९ डिसेंबर, मंगळवार

शस्त्रक्रिया झाली. पट्टी आहे. काकूंचा फोन: "अजून काही सांगत नाहीत." ऑफिसात कोणाचं कामात लक्ष नाही. तीन जण नकाशा मागायला आले, मी कॅटलॉगमध्ये बघून स्वतः काढून दिले. सेहेचाळीस सेकंद.

१८ डिसेंबर, गुरुवार

आज काका आले. काळा चष्मा, नवा शर्ट, हातात प्रमाणपत्र. एकटे, जिना चढून.

मी पॅसेजमध्ये उभी होते. ते थांबले, चष्मा काढला आणि मला खालपासून वरपर्यंत बघितलं. मी हसले. या वेळी लगेच हसले तेही.

"तुम्हीच ना ताई?" म्हणाले. "मला वाटलं तुम्ही उंच असाल."

"का हो?"

"आवाज मोठा आहे म्हणून."

"घसा बसेपर्यंत मोठ्याने कोणी वाचायला लावलं मग?" मी म्हटलं. साहेब केबिनमधून बाहेर आले होते, तेही हसत होते, आणि नाक पुसत होते.

प्रमाणपत्रात लिहिलंय की एका डोळ्याने वाचण्याइतकं दिसतं. साहेबांनी ते स्वतः मुख्यालयाला पाठवलं आणि दहा मिनिटांत फोन करून मंजूर करून घेतलं. दीड वर्ष पक्कं.

मग काका म्हणाले, "दाखवा तुमचं ते." मी त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं, कॅटलॉग उघडून दिला, अक्षरं मोठी केली, माउस हातात दिला. त्यांना माउस धरता येत नव्हता, तो शिकवला. पहिली नोंद उघडली. ओठ हलवत, एकेका शब्दावर थांबत वाचायला लागले: बाजाराची जागा, एकास पाचशे, खालच्या डाव्या कोपऱ्यात शाईचा डाग, विहीर आता बुजवलेली आहे. "हे सगळं मी बोललो?" म्हणाले. म्हटलं, शब्द न् शब्द. त्यांनी दुसरी उघडली, मग तिसरी.

त्यांना वाचू द्यावं म्हणून मी चहा आणायला खाली गेले. खिडकीवर गर्दी होती, वेळ लागला. परत आले तर ते चाळिसाव्या नोंदीवर होते, आणि उजव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं, शर्टाच्या कॉलरपर्यंत. डॉक्टरांनी दिवसातून चार वेळा औषध घालायला सांगितलंय हे काकूंनी मला बजावून ठेवलं होतं.

"काका, थेंब घालायची वेळ झाली का?"

"नाही," काका म्हणाले.

मी कप टेबलावर ठेवला, दुसरी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले, आणि आम्ही एकेचाळिसावी उघडली.